बुलेट आणि जावा : दोन देशांच्या दोन फटफट्या



गटातून फिरताना लागणीच्या नोंदीबरोबर हल्ली जुन्या गाड्यांच्या गोष्टीही कानावर पडतात. उसाचे बिल बँकेत जमा झाले की तरुण मंडळी जुनी बुलेट नाहीतर जावा शोधू लागतात. "साहेब, दोन्हींत चांगली कोणती?" असे आम्हांला विचारले जाते. जमीन पाहून वाण निवडावा, तसे काम पाहून गाडी निवडावी, एवढेच आमचे म्हणणे.

बुलेट मूळची इंग्लंडमधील रेडिच गावची. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली. पुढे १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. जावा चेकोस्लोव्हाकियाची. कंपनीचे मालक यानेचेक आणि जर्मन वाँडरर कंपनी या दोन नावांची सुरुवातीची अक्षरे जोडून हे नाव १९२९ मध्ये पडले. म्हैसूरला १९६१ पासून तिचा कारखाना चालू झाला. १९७३ पासून तीच गाडी येझदी नावाने निघू लागली व १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २०१८ नंतर ही नावे पुन्हा बाजारात आली, पण त्या गाड्या वेगळ्या. आम्ही बोलतो ते जुन्यांबद्दल.

जुनी बुलेट ३४६ सी.सी.ची, फोर स्ट्रोक, सुमारे १८ अश्वशक्तीची. चाकाला जोर हळू पण दमदार लागतो. मागे माणूस आणि खताचे पोते असले तरी ती कुरकुरत नाही. जावा २५० सी.सी.ची, टू स्ट्रोक, सुमारे १२ अश्वशक्तीची. अंगाने हलकी, चटकन उचलणारी. तिची चेन पूर्ण झाकलेली असते, त्यामुळे फडाच्या वाटेवरचा चिखल-फुफाटा चेनवर बसत नाही. किक आणि गिअरचा दांडा एकच, तोही डावीकडे. जुन्या बुलेटचा गिअर मात्र उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. शेजाऱ्याची गाडी मागून नेणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे, नाहीतर ऐन वेळी ब्रेकऐवजी गिअरवर पाय पडतो.

आता खरा मुद्दा तेलाचा. बुलेटचे तेल इंजिनात वेगळे राहते. जावाला ते पेट्रोलातच मिसळावे लागते, म्हणजे पिस्टनला तेल मिळते ते पेट्रोलबरोबरच. आणि २०२५ मध्ये देशाने पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. हे इथेनॉल आपल्याच उसाच्या रसापासून व मळीपासूनही होते, त्याचा आपल्याला फायदाच आहे. पण या दोन्ही गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल ओलावा ओढते. गाडी महिनोन्‌महिने गोठ्यात उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी बसते, पत्रा आतून गंजतो, जुने रबरी पाइप व वायसर फुगतात. बुलेट अशा वेळी फार तर बंद पडेल. जावाच्या कार्बोरेटरमध्ये ते पाणी उतरले तर पिस्टनला तेल पोचत नाही व तो जाम होतो.

म्हणून सभासदांनी पुढील काळजी घ्यावी :

१) गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे.

२) इथेनॉलला टिकणारे पाइप व वायसर बसवून घ्यावेत.

३) जावासाठी तेल-पेट्रोल वेगळ्या डब्यात ठरल्या प्रमाणात, लागेल तेवढेच मिसळावे.

४) विकत घेताना इंजिन व चासी नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे की नाही तेही पाहावे.

रोज लांबचा पल्ला व ओझे असेल तर बुलेट बरी. गावातल्या गावात, शिवारापर्यंत जायचे आणि निगा राखायची हौस असेल तर जावा. मात्र जवळपास त्या गाडीचा जाणता मिस्त्री नसेल, तर दोन्हीपैकी कोणतीही घेऊ नये. बिलाचा पैसा वर्षभराच्या घामाचा असतो, तो गोठ्यात गंजत उभा राहू नये.