संगणकाची भरलेली डिस्क आणि अडलेला पडदा

सातपुड्याच्या रांगेत समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर वसलेले तोरणमाळ यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे सर्वपरिचित आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे घाट चढून येथे पोहोचावे लागते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली म्हणजे वाहतूक खोळंबते. अशा ठिकाणी शाळेचा अथवा ग्रामपंचायतीचा संगणक अडला, तर तंत्रज्ञ त्याच दिवशी येईल अशी अपेक्षा बाळगता येत नाही. मग कोणीतरी उत्साहाने डिस्क पुसून सर्व प्रणाली नव्याने बसवतो आणि त्याबरोबर वर्षभराचे हजेरीपट व ठरावांच्या प्रतीही नाहीशा होतात. पुष्कळदा त्याची मुळीच आवश्यकता नसते.

युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली. त्याच धर्तीवरील लिनक्सचा आरंभ फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये केला. ती विनामूल्य असून तिच्यावर मराठीतही काम करता येते. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय आवृत्ती याच कुळातील होय.

या संगणकांवर वरचेवर आढळणारी एक तक्रार अशी, की परवलीचा शब्द बरोबर असूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि प्रवेशाची चौकट पुन्हा समोर येते. शब्द चुकला असता तर संगणकाने तसे सांगितले असते. येथे कारण बहुधा निराळे असते. चित्रमय पडदा उभा राहताना प्रणालीला काही लहान फाइली लिहाव्या लागतात. डिस्क काठोकाठ भरलेली असली, की त्या लिहिल्या जात नाहीत आणि पडदा उभा न राहता कोसळतो. म्हणजे दिसतो तो पडद्याचा दोष, मूळ मात्र कोठारात असते.

अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षरांचा साधा पडदा उघडतो. तेथे नाव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश बहुधा मिळतो, कारण त्यास फारसे लिहावे लागत नाही. शब्द टंकताना काहीही उमटत नाही, घाबरू नये. देवनागरी नावांच्या फाइली येथे चौकोनांसारख्या दिसतात, तोही बिघाड नव्हे.

प्रथम 'डीएफ' ही आज्ञा द्यावी. पुढे जागा सोडून वजाचिन्ह व एच हे अक्षर. प्रत्येक विभागापुढे भरल्याचे शेकडा प्रमाण येते. १०० दिसले की निदान झाले. जागा शिल्लक दिसत असूनही 'जागा नाही' असा संदेश येत असेल, तर एचऐवजी आय हे अक्षर द्यावे: असंख्य बारीक फाइलींमुळे नोंदवहीचे रकाने संपलेले असू शकतात, मग कोठार अर्धे रिकामे का असेना.

जागा कोणी व्यापली, हे 'डीयू' सांगते. तिच्यापुढे वजाचिन्ह-एच आणि वजाचिन्ह-डी-१ लिहिल्यास लपलेल्या निर्देशिकांचाही हिशेब मिळतो. हे महत्त्वाचे, कारण कचरापेटी अशाच लपलेल्या जागी असते. फाइल 'काढून टाकली' असे आपण म्हणतो, ती तेथेच पडून असते! शाळांमध्ये चित्रफिती आणि छायाचित्रांच्या दुहेरी प्रती हे नेहमीचे कारण. त्याखालोखाल प्रणालीच्या नोंदींचा साठा आणि अद्ययावतीकरणासाठी उतरवलेल्या जुन्या संचिका. बॉस व तत्सम डेबियन-कुळातील आवृत्त्यांवर 'सुडो ॲप्ट क्लीन' ही आज्ञा या संचिका निर्धोकपणे काढते. 'यूएसआर' किंवा 'व्हार'मधील 'लिब' येथील काहीही केवळ मोठे दिसते म्हणून पुसू नये. फाइल पुसूनही जागा सुटली नाही, तर एखादी चालू आज्ञावली ती धरून बसलेली असते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती मोकळी होते.

काम चालू असताना डिस्क भरल्याचा इशारा आला, तर उघडा दस्तऐवज बंद करू नये. तो पेनड्राइव्हवर साठवावा आणि मगच साफसफाईस लागावे. अन्यथा शून्य आकाराची फाइल हाती येण्याचा संभव असतो.

जागा मोकळी करूनही प्रवेशाची चौकट परत येत राहिल्यास घरनिर्देशिकेतील, टिंबाने आरंभ होणारी 'एक्सऑथॉरिटी' ही फाइल तपासावी. कोणी प्रशासकाच्या अधिकाराने पडदा सुरू केला असल्यास तिची मालकी बदललेली असते. तिचे नाव बदलून ठेवावे; पुढील प्रवेशाच्या वेळी संगणक ती नव्याने तयार करतो.