न्युर्बुर्गरिंगवरील १९५७ ची जर्मन ग्रां प्री

४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीच्या आयफेल डोंगराळ प्रदेशातील न्युर्बुर्गरिंग या मार्गावर झालेली ग्रां प्री, म्हणजे ज्या मालिकेतील गुणांवरून चालकांचा विश्वविजेता ठरे तिच्यातील एक शर्यत, हुआन मॅन्युएल फांजिओ या ४६ वर्षांच्या अर्जेंटिनी चालकाने जिंकली. सुमारे २२.८ किलोमीटरची एक फेरी, तीत दीडशेहून अधिक वळणे आणि अशा २२ फेऱ्या, असे या परीक्षेचे स्वरूप होते.

अडीच लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन असलेली फांजिओची मझेराटी २५०एफ अर्ध्या टाकीवर निघाली, कारण हलकी गाडी आणि रस्त्याला घट्ट धरणारे पण लवकर झिजणारे मऊ टायर यांच्या बळावर आघाडी घ्यावी आणि मध्येच पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागी, थांबून इंधन व चाके घ्यावीत, असा बेत होता. फेरारीचे माइक हॉथॉर्न व पीटर कॉलिन्स मात्र न थांबता शर्यत पुरी करणार होते. बाराव्या फेरीअखेर फांजिओ थांबला तेव्हा त्याच्याकडे सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी होती, परंतु काम इतके लांबले की तो बाहेर पडला तो जवळजवळ पन्नास सेकंद मागे पडून. बेत फसला होता, आणि या शर्यतीचे खरे मोठेपण येथूनच सुरू होते.

एरवी खालचा गिअर लागे त्या वळणांवर वरचा गिअर ठेवून त्याने गाडी अधिक वेगात काढली आणि मार्गाचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. आदल्या वर्षीचा ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा विक्रम त्याचाच होता; विसाव्या फेरीत त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंद अशी वेळ दिली, जी पहिल्या स्थानावरून सुटण्याचा मान देणाऱ्या त्याच्या सरावातील वेळेपेक्षाही ८.२ सेकंदांनी कमी होती. एकविसाव्या फेरीत त्याने कॉलिन्सला आणि पाठोपाठ हॉथॉर्नला मागे टाकले. साडेतीन तासांच्या या झुंजीत हॉथॉर्न अवघ्या ३.६ सेकंदांनी दुसरा आला, कॉलिन्स तिसरा, लुइजी मूसो चौथा आणि व्हॅनवॉल चालवणारा स्टर्लिंग मॉस पाचवा.

या विजयाने फांजिओचे पाचवे विश्वविजेतेपद निश्चित झाले आणि पाच विजेतेपदांचा त्याचा विक्रम २००३ पर्यंत टिकला. विश्वविजेतेपदाच्या शर्यतींतील हा त्याचा चोविसावा आणि अखेरचा विजय होता.