विजोड शोधकांचा मागोवा

1956 साली राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने नांदेड जिल्ह्यातून मुधोळ आणि भैंसा हा मुलूख आंध्र प्रदेशाकडे गेला आणि आदिलाबाद जिल्ह्याच्या दफ्तरात दाखल झाला. 2016 पासून तो निर्मल जिल्ह्यात मोडतो. जिल्हे बदलले, कचेरीची भाषा बदलली, पण ज्या घरांतून मराठी बोलली जात होती त्या घरांची वाचनाची भूक बदलली नाही, आणि ती भागविण्यासाठी धर्माबाद-नांदेडकडेच पाहावे लागे. तिकडून येणाऱ्या ग्रंथसामग्रीत पोथ्या असत, पंचांगे असत, दिवाळी अंक असत आणि सर्वांत अधिक हातांतून फिरून सर्वांत लवकर जीर्ण होणाऱ्या रहस्यकथाही असत. या रहस्यकथांच्या एका प्रसन्न शाखेचा, म्हणजे जिथे दोन परस्परविरुद्ध स्वभावांची माणसे एकाच तपासाला जुंपली जातात आणि गुन्ह्याचा छडा लागता लागता वाचकाला मनमुराद हसवितात, त्या शाखेचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्रारंभ अर्थातच बाबूराव अर्नाळकरांपासून. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने महाराष्ट्रातील दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, ही त्यांची सेवा आमच्या समीक्षकांनी कधीच पुरतेपणी मान्य केली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. काळा पहाड आणि झुंजार हे त्यांचे नायक एकहाती पराक्रमाचे. धनंजयाबरोबर छोटू असतो खरा, परंतु पुढे मोहऱ्याला धनंजयच. वाचक श्वास रोखून वाचत असे; हसण्याची उसंत त्याला क्वचितच मिळे.

हसू मराठीत नव्हते असे नाही. बडोद्याच्या राजदफ्तरात काम केलेले पालीचे व्यासंगी चिं. वि. जोशी यांनी 1930 नंतरच्या वर्षांत चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी उभी केली, ती विजोड जोडीचा आमच्या साहित्यातील उत्तम नमुना होय. एक भिडस्त कारकून, दुसरा धिप्पाड, कोपिष्ट पण प्रेमळ. एकाला सुचते ते दुसऱ्याला पटत नाही, आणि दुसरा करून बसतो ते पहिल्याला निस्तरावे लागते. शोधकथेला हवी असलेली सारी सामग्री या दोघांत आहे. परंतु त्यांचे खरे राज्य घरसंसाराचे, आणि तेथेच ते शोभले.

किशोरांच्या वाट्याला भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आला, सायकलवरून सुसाट सुटणारा आणि संकटात तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. त्याच लेखणीतून पुस्तकवेडा बिपिन बुकलवारही उतरला. भागवतांच्या भाषेत खोडकरपणा आणि माया एकत्र नांदतात.

तरीही विजोड शोधकांचे पूर्ण वैभव मराठी वाचकाला लाभले ते बंगालीच्या वाटेने. 1961 साली सत्यजित राय यांनी आजोबांनी सुरू केलेले ‘संदेश’ हे मुलांचे मासिक पुन्हा चालू केले आणि 1965 मध्ये त्यात फेलूदाची पहिली कथा आली. कुशाग्र बुद्धीचा फेलूदा म्हणजेच प्रदोष मित्तिर आणि हकीकत सांगणारा त्याचा चुलतभाऊ तोपशे, एवढीच तेव्हा मंडळी होती, आणि तेवढ्यावर ती होम्स-वॉटसनची मुलांसाठी केलेली देखणी आवृत्ती ठरली असती. पण 1971 च्या ‘सोनार केल्ला’ या कादंबरीत राजस्थानकडे निघालेल्या आगगाडीत लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू चढले आणि त्या मालिकेचा चेहराच पालटला.

हा प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. प्रखर रुद्र नावाच्या अचाट नायकाच्या थरारक कादंबऱ्या लिहिणारा लेखक प्रत्यक्षात ठेंगणा, टक्कल पडू लागलेला, साध्यासुध्या चेहऱ्याचा निघतो. उंटाच्या पाण्याविषयी त्याने पुस्तकात ठोकून दिलेली चूक फेलूदा त्याला दाखवून देतो, आणि हा भला गृहस्थ रागावत नाही, पुढच्या आवृत्तीत ती सुधारण्याचे मनावर घेतो. राय यांच्या विनोदाची थोरवी मला येथेच दिसते. जटायूंच्या अज्ञानावर आपण हसतो, त्यांच्या माणुसकीवर नव्हे. नेपाळी खुकरी, बूमरँग अशी शस्त्रे ते बरोबर बाळगतात, भितात, घाम पुसतात, पण जोखमीच्या वेळी मित्राला सोडून जात नाहीत. आणि पुढे पुस्तकांच्या खपावर हिरवी अँबॅसडर घेतात तेव्हा ती मित्रांच्या तपासकार्याला बिनदिक्कत जुंपतात. पडद्यावर संतोष दत्त यांनी ही भूमिका अशी काही जिवंत केली, की 1988 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर राय यांनी फेलूदावर पुन्हा चित्रपट काढला नाही.

आम्हा मराठवाड्याच्या जुन्या शेजाऱ्यांना याच मालिकेतील एक कादंबरी विशेष जिव्हाळ्याची वाटते. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातील यक्षीचे मस्तक चोरीला जाते आणि माग काढीत ही तीन माणसे औरंगाबादमार्गे वेरुळास पोचतात. पुरावस्तूंच्या निर्यातीला आळा घालणारा कायदा 1972 चा. ही कादंबरी त्यानंतर लगेचच लिहिली गेली. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी माथ्यापासून खाली कोरीत आणलेल्या कैलासाच्या सान्निध्यात मूर्तिचोरांचा पाठलाग चालतो, आणि एवढ्या गंभीर अपराधाच्या कथेतही जटायूंमुळे हास्याचा झरा आटत नाही. वेरूळ आणि मुधोळ एकेकाळी एकाच निजामी सरकारच्या अमलाखाली होते, त्यामुळे आपल्याच जुन्या मुलखात परक्या भाषेचा लेखक येऊन इतक्या आस्थेने वावरून गेला, हे वाचताना कृतज्ञता दाटून येते.

अशोक जैन यांनी फेलूदाच्या निवडक कथा मराठीत आणल्या आणि पुण्याच्या रोहन प्रकाशनाने त्या प्रसिद्ध केल्या. पत्रकारितेत मुरलेली त्यांची मराठी सुटसुटीत आहे, वाचताना अनुवादाचा अडसर जाणवत नाही.

या साऱ्या प्रवासाकडे पाहता एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. हलकीफुलकी शोधकथा ही गंभीर शोधकथेची धाकटी, दुबळी बहीण नव्हे. चतुर माणसाला एकट्याने जिंकविणे तुलनेने सोपे. चतुर आणि भोळा, अबोल आणि बडबड्या यांना बरोबरीने चालवून, कोणाचाही मान न घालविता, अखेरीस दोघांच्याही हातून गुन्हेगार पकडविणे याला अधिक कसब लागते.

आणि अशा जोडीला आमच्या सीमेइतकी अनुकूल भूमी शोधून सापडणार नाही. येथे जुने महसुली कागद उर्दूत, आजची फिर्याद तेलुगूत आणि साक्षीदाराची घरची बोली मराठी असू शकते. उर्दू दस्तऐवज वाचणारा एखादा वयोवृद्ध निवृत्त पेशकार आणि तेलुगूखेरीज काही न जाणणारा तरणाबांड जमादार यांना इनाम जमिनीच्या एका हरवलेल्या सनदेमागे बासरच्या गोदाकाठावरून धर्माबादपर्यंत धाडून पाहा. एकाला कागद कळेल, दुसऱ्याला माणसे, आणि दोघांना एकमेकांचे बोलणे अर्धेच कळेल. मराठीतील तरुण लेखकांना माझी विनंती आहे की पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांबाहेर पडून त्यांनी ही कादंबरी लिहावी. तिचे वाचक मुधोळमध्ये आहेत.