मास्तर बाकावर

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाला पुन्हा बाकावर बसवणे यासारखी दुसरी शिक्षा नाही. मी ती गेल्या उन्हाळ्यात दोन आठवडे भोगली. आम्हा प्राध्यापक मंडळींना ठरावीक वर्षांनी उजळणी वर्गाला हजर राहावे लागते. न राहिल्यास बढती अडते, आणि बढती अडली की घरात जे प्रश्न विचारले जातात त्यांची उत्तरे कोणत्याही उजळणी वर्गात शिकवीत नाहीत! वर्गाचा विषय होता, 'अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर'. शिकवायला आलेली तरुण बाई पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून माझी व्याख्याने उतरवून घेत असे. तिने मला ओळखले, वाकून नमस्कार केला, आणि लगेच म्हणाली, "सर, जवळचा चष्मा आणलाय ना? नाहीतर बटणं दिसायची नाहीत."

मी अलिबागच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमचा किनारा यंत्रांना अगदीच अपरिचित आहे असे मात्र कुणी समजू नये. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इकडे आली ती मुंबईच्या ट्रामगाड्यांमुळे. ट्रामी विजेवर चालणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक उपकरणांची नोंद बिघडेल, म्हणून त्यांचे बिऱ्हाड खाडीपलीकडे हलवण्यात आले. एका यंत्राने दुसऱ्याला घराबाहेर काढले आणि त्याला आम्ही ओटीवर जागा दिली, असेच म्हणायचे!

आणि याच जिल्ह्यात घारापुरी आहे. मुंबईचे दिवे समोर लखलखताना पाहणाऱ्या या बेटाला कायमची वीज मिळाली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनित्र चाले, तेवढाच उजेड. शाळेत पडदा आणि प्रक्षेपक बसवण्याच्या गोष्टी ऐकल्या की मला हे बेट आठवते.

सरकारने शिक्षकांसाठी काही केले नाही असे मुळीच नाही. २०१७ च्या शिक्षकदिनी केंद्र सरकारने 'दीक्षा' सुरू केले. पाठ्यपुस्तकांच्या पानांवर काळेपांढरे चौकोन आले. फोन त्यावर धरला की धडा बोलू लागतो. हा चौकोन पुस्तकात आणण्याचा खटाटोप आपल्याकडे ज्यांनी आधी केला, त्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव सर्वांना ठाऊक आहेच. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक पारितोषिक मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान पन्नास तास स्वतः शिकावे, असे सांगितले. हेतू उत्तमच. माझी तक्रार एवढीच, की मी ज्या ज्या वर्गांना बसलो तेथे तासच्या तास बटणांवर खर्च झाले. ती दाबून पुढे मुलांना सांगायचे काय, यावर चर्चा निघाली की चहाची वेळ होई. फोनवरून होणाऱ्या वर्गांची तर तऱ्हाच निराळी. आपला चेहरा बंद ठेवून अर्धी मंडळी घरकाम उरकीत असतात. मी स्वतः एका व्याख्यानात दोन जुड्या मेथी निवडली आहे आणि प्रमाणपत्रही मिळवले आहे.

पण यंत्राने मला खरा धडा दिला तो २०२० साली, आणि त्याचे प्रमाणपत्र कुणी दिले नाही.

त्या वर्षी महामारीने वर्ग बंद होते. त्यातच ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, नागाव, चौल. कुठल्या वाडीचे नाव घ्यावे? बापजाद्यांनी लावलेल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशातून सावरत जुलैमध्ये आमचे तास फोनवर सुरू झाले. मी माडीवरच्या खिडकीत बसून बोलायचो आणि समोर चाळीस मुके चौकोन. कोण ऐकते आहे, कोण झोपले आहे, देव जाणे!

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक कोळ्यांची मुलगी होती. जुलैभर एकही तास तिने चुकवला नाही. प्रश्न विचारी, टिपणे पाठवी. ऑगस्ट लागला आणि ती नाहीशी झाली. एक आठवडा गेला, दोन गेले. मी हजेरीत लाल फुल्या मारल्या आणि एकदा तर सगळ्या वर्गासमोर बोलून गेलो, की पहिला उत्साह ओसरला की काहींची गाडी अशीच थांबते. त्या संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. मुलगी धीटच होती. म्हणाली, "सर, एक तारखेला बंदी उठली. तिच्या घरात फोन एकच. तो तिच्या बाबांबरोबर बोटीवर जातो."

वाचकहो, मी या किनाऱ्यावर जन्मलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे मला शाळेत जाण्यापूर्वीपासून ठाऊक. बाजारात बोंबील कधी येणार हे मी तारखेनिशी सांगतो. आणि तरीही ती हजेरी माझ्या डोळ्यांसमोर असताना मला त्यातले काही दिसले नाही. लाल फुल्या खोडल्या. पण वर्गासमोर बोललेले शब्द कसे खोडायचे? दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच तिची माफी मागितली. ती ऐकायला ती नव्हतीच.

मग मी काय केले, तर व्याख्यानाचे तुकडे पाडले. दहा दहा मिनिटांचे, नुसत्या आवाजाचे. चित्र नाही, म्हणजे ते फोनवर उतरवायला वेळ लागत नाही. बोट चार-पाच दिवसांनी बंदराला लागली की फोन एका रात्रीपुरता घरी येई. त्या रात्रीत ती सगळे उतरवून घेई, ऐके आणि उत्तरे बोलून पाठवी. चाळीस मिनिटांचे माझे व्याख्यान दहा मिनिटांत बसवताना मला एक शोध लागला: उरलेली तीस मिनिटे मी इतकी वर्षे काय बोलत होतो, ते मलाच सांगता येईना.

सप्टेंबरमध्ये आम्ही महदंबेच्या धवळ्यांपाशी आलो. तेराव्या शतकातली ही महानुभाव कवयित्री, मराठीतली आद्य कवयित्री. धवळे म्हणजे लग्नात गायची गीते, एवढे मी दर वर्षी सांगतो आणि पुढे सरकतो. त्या आठवड्यात मुलीचे उत्तर आले ते नेहमीपेक्षा लांब होते. आधी तिचा आवाज: "सर, माझी आजी धवलारीण आहे." मग भांड्यांचा आवाज, खोकला, आणि एका म्हातारीचा खणखणीत सूर.

आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवला गाते, तिच्या गाण्यावाचून विधी पुढे जात नाहीत, हे मी पुस्तकात वाचले होते. माझ्या कॉलेजच्या फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक धवलारीण राहते, याचा मात्र वीस वर्षांत मला पत्ता नव्हता. ते गाणे मी सगळ्या वर्गाला पाठवले. पुढच्या तासाला मुके चौकोन एकदम बोलू लागले. कुणाच्या मावशीला हळदीची गाणी येत होती, कुणाच्या शेजारणीला जात्यावरच्या ओव्या. दिवाळीपर्यंत माझ्याकडे साठावर गाणी जमली. ती मी गाव, गाणारीचे वय आणि प्रसंग लिहून जपून ठेवली आहेत. त्यांतल्या दोन म्हाताऱ्या आता नाहीत.

उजळणी वर्गाच्या शेवटी आम्हा प्रत्येकाला 'तंत्रज्ञानाचा एक प्रयोग' सादर करायचा होता. मी तोच सूर ऐकवला. माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, म्हणजे आमच्या बाईंनी, मला दहापैकी सात गुण दिले; पडद्यावर दाखवायला काहीच नव्हते म्हणून तीन कापले. परवा बंदरावर मासळी घ्यायला गेलो, तेव्हा ती आजी टोपलीमागे बसली होती. मी गुणांची हकीकत सांगितली. तिने पापलेटाचा भाव दहा रुपयांनी वाढवला आणि विचारले, ते सात कुणाचे, मास्तरांचे की तिचे?