हा गोंगाट नव्हे, संगीतच!

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागलं की बख्शी का तालाब येतं. इथे हवाई दलाचा तळ आहे. यांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो आणि निवृत्तीनंतर इथलेच होऊन गेलो.

गेल्या हिवाळ्यात मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आला, तो पाच नवे अल्बम घेऊनच. तीन तबकड्या, दोन सीडी. पहिलीच तबकडी लावली आणि फडताळातली भांडी थरथरू लागली. “घरात कारखाना काढलायस की काय?” हे ओरडले. मुलाने मुकाट्याने ती बंद केली आणि कानांवर हेडफोन चढवले. पुढे जेवतानाही तो हूं की चूं करीना. रजेचे आठ दिवस असे वाया गेले. उरले सात.

मी लग्नानंतर कैसरबागेतल्या भातखंडे संगीत महाविद्यालयात गाणं शिकले. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली ते ‘मॅरिस कॉलेज’ या नावाने सुरू झालं. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. पंडितजी गावोगावच्या उस्तादांकडे गेले, त्यांच्या चिजा ऐकल्या, लिपीबद्ध केल्या आणि मगच शास्त्र मांडलं. आधी ऐकायचं, मग बोलायचं! मला हे आठवलं आणि माझीच मला लाज वाटली. मुलाला म्हटलं, “रोज दुपारी एक अल्बम मला ऐकव. त्यानंतर माझं एक गाणं तू ऐकायचंस.” सौदा ठरला.

ओळखीचे राग, अनोळखी यंत्रं

सुरुवात त्याने हुशारीने केली. चरणजित सिंग यांचा ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’! हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या मुंबईच्या वादकाने १९८२ साली रोलँड कंपनीच्या नव्या यंत्रांवर भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. एक यंत्र ठेका धरतं, दुसरं खर्जात घुमतं आणि तिसऱ्यावर राग चालतो. ती खर्जाची टीबी-३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, तेव्हा मींडेचीच आठवण होते. दोष सांगायचा तर ठेका सगळीकडे एकाच घाटाचा. ललताची पहाट आणि मालकंसाची मध्यरात्र एकाच चालीने चालतात.

अल्बम त्या वेळी चालला नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रावर ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं आणि ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जगभर गाजला. चरणजित सिंगांची तबकडी एका डच कंपनीने २०१० साली पुन्हा काढली, तेव्हा कुठे रसिक चकित झाले. सुदैवाने ते कौतुक पाहायला ते हयात होते. २०१५ साली ते गेले.

दुसऱ्या दिवशी ‘द एनआयडी टेप्स’. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली गीता साराभाई यांच्या प्रयत्नांनी आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. तिथल्या १९७२ पर्यंतच्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल परगस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ साली अल्बम निघाला. हे गाणं नव्हे, प्रयोगवहीच म्हणावी. एका बैठकीत सगळं ऐकू नका, कंटाळा येईल. थोडं थोडं ऐका.

शब्दांवाचून गाणं

तिसरा अल्बम ‘डेड कॅन डान्स’ या जोडीचा, १९८७ सालचा ‘विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन’. मंद लय, उदास सूर, मंदिराच्या गाभाऱ्यासारखा घुमणारा आवाज. या प्रकाराला ‘डार्कवेव्ह’ म्हणतात. नाव ऐकून घाबरले होते. पण दुसऱ्या बाजूला लिसा जेरार्ड गाऊ लागली आणि मी विणकाम खाली ठेवलं. ती गाते ते शब्द बहुधा कुठल्याच भाषेतले नसतात. “आपल्या नोम्-तोम् आलापात तरी कुठे अर्थ असतो?” मी म्हटलं. मुलगा आठ दिवसांत पहिल्यांदा हसला. पाचांत माझा आवडता हाच.

चौथा कर्ष काळे याचा ‘रिअलाइज’ (२००१). काळे आडनावाचा हा तबलजी इंग्लंडात जन्मला आणि अमेरिकेत वाढला. त्याच्या फ्यूजनमध्ये तबला तोंडी लावण्यापुरता नाही, तोच गाडा ओढतो. घरच्या सगळ्यांनी मिळून ऐकायला हा उत्तम. मात्र पार्श्वभूमी कधी कधी जरा गुळगुळीत होते.

पत्र्यांचा ताल

शेवटी तीच भांडणाची तबकडी, बर्लिनच्या ‘आइनश्टुर्त्सेन्दे नॉयबाउटेन’ या मंडळींची ‘कोलाप्स’ (१९८१). नावाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. भंगारातले पत्रे, ड्रिल, आरडाओरडा. ‘इंडस्ट्रियल’ हे नाव या प्रकाराला मिळालं ते ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या ब्रिटिश गटाच्या १९७६ सालच्या ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’वरून. मुलाने आवाज अगदी लहान ठेवला होता. मला मुळीच आवडलं नाही, आणि तसं मी सांगितलंही.

इतक्यात दारातून हे म्हणाले, “हे ड्रिल आहे. आणि तो पत्रा पातळ आहे. जाड पत्रा असा वाजत नाही.” आत येऊन बसले. हवाई दलात यांनी विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात उमेद घालवली. हँगरमध्ये कोणता आवाज कशाचा, ते मुलाला सांगत राहिले. आणि मग हळूच म्हणाले, “माझ्या कानात सारखी शिट्टी वाजते रे. मोठा आवाज झाला की दुखतं. म्हणून ओरडलो.” मुलाला हे माहीतच नव्हतं. आम्ही कधी सांगितलंच नव्हतं!

पालकहो, मुलांचं संगीत आवडलंच पाहिजे असं मुळीच नाही. पण एक दुपार शेजारी बसून ऐका, आणि नावडलं तर का, ते सांगा. मुलांनीही ध्यानात ठेवावं, ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन् तास ऐकला तर कानांना कायमची इजा होऊ शकते. ती भरून येत नाही. हेडफोनचा आवाज बेताचाच ठेवावा.

मुलगा परत गेला. जाताना चरणजित सिंगांची तबकडी मुद्दाम ठेवून गेला. रात्री जेवणं झाली की हे ती स्वतः लावतात, अगदी हलक्या आवाजात. बहुतेक मालकंसच.