मालवणचा प्राध्यापक, होळचं शेत

जूनमध्ये आमच्या राजापेठेतल्या कृषी केंद्रावर उभं राहिलं की सोयाबीनची नावं आकड्यांतच कानावर पडतात. "भाऊ, तीनशे पस्तीसच द्या, नवीन काही नको!" आकड्याआधीची अक्षरं कोण बघतो? वनस्पतीशास्त्राचा निवृत्त मास्तर बघतो. 'एमएसीएस' दिसलं की मला शंकर पुरुषोत्तम आघारकर आठवतात.

आघारकर मालवणचे, जन्म 1884चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, पण जीव रमायचा सह्याद्रीत. साताऱ्याकडच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. पारदर्शक, इवलीशी छत्री. समुद्रकाठच्या माणसाला समुद्राचा जीव घाटमाथ्याच्या नदीत भेटावा, ही गंमतच.

पुढं कलकत्ता विद्यापीठानं वनस्पतीशास्त्राच्या घोष अध्यासनावर नेमलं आणि शिक्षणासाठी युरोपात धाडलं. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून जर्मनीत ते अडकले, नजरकैद भोगली. तरी 1919 साली बर्लिनची डॉक्टरेट घेतलीच. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या प्रदेशातल्या झाडांचं बी कसं पसरतं हा. मग 1946पर्यंत कलकत्त्यात विभाग सांभाळला.

निवृत्त माणूस घर बांधतो. यांनी त्याच वर्षी पुण्यात संस्था उभी केली आणि 1960 साली जाईपर्यंत ती चालवली. मराठीत नाव महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी. इंग्रजी नावात, ज्याची आद्याक्षरं 'एमएसीएस', मात्र 'कल्टिव्हेशन' आहे, म्हणजे चक्क मशागत! मला तेच जास्त आवडतं. 1992पासून तिच्या संशोधन संस्थेला आघारकरांचं नाव आहे.

त्या शब्दाला मातीचा अर्थ खरा आला तो संस्थेच्या बारामती तालुक्यातल्या होळच्या प्रक्षेत्रावर. तिथं गव्हाचे, सोयाबीनचे वाण पारखले गेले. साताऱ्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी एमएसीएस 6478 हा गहू पेरला. हेक्टरी पंचवीस-तीस क्विंटलचं पीक पंचेचाळीस ते साठपर्यंत गेलं. सोयाबीनच्या एमएसीएस 1407ची शिफारस मात्र आपल्याकडं नाही. आसाम, झारखंड, छत्तीसगड आणि पश्चिम बंगालसाठी आहे. म्हणजे राजापेठेत ती थैली मिळायची नाही. सरांनी पंचवीस वर्षं जिथं शिकवलं, त्या मुलखात मिळेल.