काडतुसांचा पट्टा

बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा असलेला पहारेकरी तुम्ही पाहिला असेल. त्याच्या कमरेला, किंवा खांद्यावरून तिरपा, एक रुंद पट्टा असतो. त्यावर ओळीने लहान लहान घरे शिवलेली असतात आणि प्रत्येक घरात एक काडतूस असते. तुम्ही उर्दूत ‘कारतूस’ म्हणता, मराठीत ‘काडतूस’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत. पट्टा दिसायला साधा असला तरी घर सैल झाले तर काडतूस वाटेत गळून पडते, आणि फार घट्ट झाले तर ऐन वेळी निघतच नाही.

अहमदनगर शहर मलिक अहमद निजामशहाने 1494 साली वसवले. (जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले.) त्या काळी सैन्य म्हणजे मुख्यतः घोडदळ. जेथे घोडे, तेथे खोगीर, लगाम आणि पट्टे बनवणारे कारागीर आलेच. महाराष्ट्रात खोगीर बनवणाऱ्यांना ‘जीनगर’ म्हणत. ‘जीन’ म्हणजे खोगीर आणि ‘गर’ म्हणजे बनवणारा, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको! आता नगरला लष्कराच्या रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली. खेड्यांतले चर्मकार विहिरीची मोट शिवत असत. विजेचे पंप आले आणि मोटही गेली. शिवण्याची रीत मात्र पूर्वीचीच राहिली.

पट्ट्यासाठी झाडाच्या सालीने कमावलेले चामडे चांगले. गावठी बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे बरेच दिवस मुरवतात. तुम्ही ज्याला कीकर किंवा बबूल म्हणता तीच ही बाभूळ. (बांधावर माजलेली वेडी बाभूळ निराळी.) हिरडा अकोले तालुक्याच्या डोंगरांत होतो. पट्टा जनावराच्या पाठीच्या चामड्यातून कापावा. पोटाचे चामडे ताणले जाते आणि असा पट्टा महिन्याभरात लोंबू लागतो.

आता घरांचा हिशेब पाहा. बारा बोअरच्या बंदुकीचे काडतूस सुमारे 2 सेंटिमीटर जाड असते. त्याला वेढून पुन्हा पट्ट्याला टेकायला सुमारे साडेपाच सेंटिमीटर पट्टी लागते. शिवणीसाठी अर्धा सेंटिमीटर धरा. म्हणजे एका घराला 6 सेंटिमीटर आणि 25 घरांना दीड मीटर पट्टी झाली. ही सगळी घरे पट्ट्यावर मात्र पाऊण मीटरच जागा घेतात. खात्री करायची असेल तर जाड कागदाची पट्टी तेवढ्याच जाडीच्या लाकडी खुंटीवर वाकवून मोजा. पट्टा बनवताना खरे काडतूस वापरायचेच नाही. सारे काम खुंटीवर होते.

कारागीर रापीने चामडे कापतो, आरीने भोके पाडतो आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतो. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात. प्रत्येक भोकातून एक सुई इकडून आणि दुसरी तिकडून जाते. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा मध्ये एकमेकांत अडकलेले असतात. त्यांतला एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या या शिवणीत एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा टाका चामडे धरून ठेवतो. वेळ दुप्पट लागतो, पण माझ्या मते घरांना हीच शिवण हवी, कारण सगळा ओढा तिच्यावरच येतो.

शिवून झाल्यावर घरे ओली करतात आणि प्रत्येकात खुंटी घालून पट्टा सावलीत वाळवतात. ओले चामडे खुंटीचा आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडत नाही. उन्हात वाळवले तर ते ताठ होऊन तडकते. मग एका टोकाला बक्कल लावतात आणि दुसऱ्या टोकाला भोके पाडतात.

काडतूस घरात उलटे ठेवतात, म्हणजे बूड वर. बुडाला थोडी बाहेर आलेली कड असते. ती घराच्या तोंडाशी अडते, म्हणून काडतूस खाली सरकत नाही.

अशा पट्ट्यात एक दोष मात्र राहतोच. काडतुसाच्या बुडाची टोपी बहुधा पितळेची असते आणि पितळेत तांबे असते. सालीने कमावलेल्या चामड्यात आम्ल असते. हवेतला ओलावा मिळाला की पितळेवर हिरवट, चिकट थर चढतो आणि काडतूस घरात रुतून बसते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सैन्यातील अॅन्सन मिल्स या अधिकाऱ्याने चामड्याऐवजी जाड विणलेल्या कापडाचा पट्टा काढला. त्यात घरे पट्ट्याबरोबरच विणलेली असत. पुढे जगभरच्या सैन्यांत कापडी पट्टे आले.

आपल्याकडे पहारेकऱ्याच्या अंगावर अजूनही पुष्कळदा चामड्याचाच पट्टा दिसतो. जाणता पहारेकरी काम संपल्यावर काडतुसे पट्ट्यात ठेवत नाही. तो ती काढून, कोरड्या फडक्याने पुसून कुलपात ठेवतो आणि पट्टा खुंटीला टांगतो. पावसाळ्यात तर रोज.